तीन रुपये आणि एक अवघड स्पेलिंग

परवा रविवारी माझी भाची इंग्रजी वर्तमानपत्र हातात घेऊन आली. ती नववीत आहे. तिच्या सरांनी वर्तमानपत्रातले पाच अवघड शब्द शोधून त्यांचे अर्थ लिहून आणायला सांगितले होते. चार शब्द झाले होते, पाचव्यावर गाडी अडली होती.

"मामा, हे बघ. ई, एम, बी, ई, मग दोन झेड, मग एल, ई, एम, ई, एन, टी. एम्बेझलमेंट! मोबाइलवर पाहिलं तर 'अपहार' असा अर्थ आला. अपहार म्हणजे चोरीच ना? मग सरळ थेफ्ट लिहायचं. एवढा लांबलचक शब्द कशाला?"

मी तिला लगेच उत्तर दिले नाही. चष्मा पुसत बसलो. कारण मित्रांनो, जवळजवळ हाच प्रश्न मी तिच्याएवढा असताना माझ्या मामाला विचारला होता. फरक इतकाच, की तिला तो गृहपाठासाठी पडला होता आणि मला दुसऱ्याच कारणासाठी. ते कारण मी तिला त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितले. आता तुम्हालाही सांगतो.

१९८१ साली मी आठवीत होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाळा होती. जानेवारीच्या अखेरीस प्रतापगडची सहल ठरली. एसटीची गाडी ठरवून पहाटे निघायचे आणि रात्री परत यायचे. वर्गणी प्रत्येकी पंधरा रुपये. वर्गात आम्ही चाळीस जण, म्हणजे सहाशे रुपये झाले. ही वर्गणी गोळा करायचे काम बाईंनी माझ्यावर सोपवले. माझे अक्षर बरे होते आणि गणितात मार्क बरे पडायचे, एवढीच माझी लायकी. शंभर पानी वही आणि बोर्नव्हिटाचा रिकामा डबा, हे माझे कार्यालय. डबा मी घरी कपाटाच्या खालच्या खणात ठेवत असे आणि रोज संध्याकाळी पैसे मोजत असे. खरे सांगतो, तो डबा खुळखुळवत वर्गात फिरताना मला आपण एकदम मोठे झालो असे वाटायचे. मोठी मुलेसुद्धा म्हणायची, "उद्या देतो रे, लिहून ठेव."

आमच्या शाळेच्या रस्त्यावर भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. तासाला पन्नास पैसे. वर्गातल्या बहुतेक मुलांना सायकल येत होती आणि मला येत नव्हती. हे दुःख आता तुम्हाला कळायचे नाही, पण तेव्हा ते फार मोठे होते. मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, वाकडेतिकडे होत, अर्धे अर्धे पायडल मारत शिकायची पद्धत होती. त्यासाठी तासाचे पन्नास पैसे लागत आणि ते माझ्याजवळ नसत. डब्यात मात्र होते.

पहिल्या संध्याकाळी मी डब्यातून पन्नास पैशांचे एक नाणे घेतले. चोरले असे मला मुळीच वाटले नाही. मनाशी शब्दसुद्धा ठरवून टाकला, 'उसने घेतले'. संक्रांतीला आजी दरवर्षी खाऊला पाच रुपये द्यायची. त्यातून परत टाकायचे, की झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास पैसे. अशा सहा संध्याकाळी गेल्या. दोन्ही गुडघे फुटले, एक चड्डी फाटली, सायकल आली. आणि डब्यात तीन रुपये कमी झाले.

माझ्या मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे नाव सांगत नाही. त्याला वडील नव्हते, आई एका खाणावळीत पोळ्या लाटायची. पंधरा रुपये एकदम देणे त्यांना जमणार नव्हते, म्हणून त्याने आधी दहा दिले होते. उरलेले पाच त्याने एके दिवशी मधल्या सुट्टीत आणले. रुमालाच्या कोपऱ्याला गाठ मारून. गाठ सुटता सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. दोन रुपयांची एक नोट आणि बाकी नाणी. त्याने माझ्यासमोर मोजली, मी डब्यात टाकली. मग मी वही उघडली.

पेन टेकवले आणि मला एकदम एक वाट दिसली. 'पाच'ऐवजी 'दोन' लिहिले तर? डब्यातले पैसे आणि वहीतले आकडे बरोबर जुळतील. मी 'दोन' लिहिले. दोनचा आकडा नेहमीपेक्षा जरा जास्तच वळणदार काढला हे अजून आठवते. त्याने वहीत डोकावलेसुद्धा नाही. कशाला डोकावेल?

संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी बाईंनी हिशेब मागितला. पाचशे सत्त्याण्णव. बाईंनी वही वाचली आणि मागच्या बाकाकडे पाहिले. "अरे, तुझे तीन रुपये राहिलेत."

तो उभा राहिला. "बाई, मी दिलेत."

बाईंनी पुन्हा वही पाहिली. "इथं दहा आणि दोन आहेत." मग माझ्याकडे पाहिले. "किती दिले होते रे यानं?"

"दोनच दिले होते, बाई," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. गणित चुकल्यावर आपण पाटीकडे पाहतो ना, तसे. आणि खाली बसला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्याची आई फाटकाशी उभी होती. हाताला पीठ तसेच होते. पदराच्या गाठीतून तीन रुपये काढून तिने ते बाईंच्या हातात दिले आणि "चुकून राहिले असतील हो," एवढेच म्हणाली. हिशेब पैशाला पैसा जुळला. सहाशे म्हणजे सहाशे.

गंमत पाहा. संक्रांतीला आजीने ठरल्याप्रमाणे पाच रुपये दिले. आता तीन रुपये डब्यात टाकायचे होते, पण टाकणार कुठे? डबा पूर्ण भरलेला होता! माझे उसने फेडायला जागाच उरली नव्हती.

माझा मामा तेव्हा साताऱ्याला जिल्हा न्यायालयात कारकून होता. संक्रांतीला तो आमच्याकडे तिळगुळाला यायचा. जेवण झाल्यावर तो झोपाळ्यावर पेपर वाचत बसला होता. मी दोनतीन फेऱ्या मारल्या, मग जवळ जाऊन म्हणालो, "मामा, एक विचारू? समजा, एखाद्याकडे कुणी पैसे सांभाळायला दिले आणि त्यानं त्यातलेच थोडे घेतले, तर ती चोरी होते का? म्हणजे, कुणाच्या खिशातून काढले नाहीत. ते त्याच्याकडेच होते."

मामा खूश झाला. "अरे वा! हा तर वकिलाचा प्रश्न. चोरी म्हणजे काय? दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीवाचून उचलणं. पीनल कोडाचं कलम ३७८. तू म्हणतोस त्यात वस्तू मालकानं आपण होऊन दिली आहे. ती याच्याच ताब्यात आहे. तेव्हा ही चोरी नव्हे."

मला इतके हायसे वाटले की काय सांगू!

"हे त्याच्या पलीकडचं," मामा पुढे म्हणाला. "त्याला वेगळं कलम आहे, ४०५. विश्वासानं सोपवलेल्या मालाचा अपहार. इंग्रजीत त्याला एक झकास शब्द आहे." त्याने पेपरच्या कडेला तो शब्द लिहिला. दोन झेड मला तेव्हाच भेटले.

"मग शिक्षा कमी असेल ना?"

"कमी? साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. आणि कारकुनानं किंवा नोकरानं मालकाचा पैसा असा हडप केला तर सात वर्षांपर्यंत. चोराला कुलूप तरी फोडावं लागतं रे. इथं किल्ली आपणच हातात दिलेली असते."

मी मनातल्या मनात तेरा अधिक सात केले.

(मामाने सांगितलेली कलमे १८६० सालच्या भारतीय दंड संहितेतली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात चोरी कलम ३०३ मध्ये आहे आणि हा अपहार कलम ३१६ मध्ये. आकडे बदलले, पण दोन गुन्हे वेगळे ते वेगळेच राहिले.)

त्या रात्री पुढे काय झाले ते सांगणारच आहे. पण भाचीने मला मध्येच थांबवले. "ते नंतर. आधी सांग, हा शब्द आला कुठून?" तिच्या गृहपाठाचा प्रश्न होता, तेव्हा तिचे आधी.

शब्द दिसायला इंग्रजी असला तरी रक्ताने फ्रेंच आहे. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे कितीतरी वर्षे तिथले सरदार आणि न्यायाधीश एक प्रकारची फ्रेंच भाषा वापरत होते. आपल्याकडे ब्रिटिश गेल्यावरही कोर्टकचेरीत इंग्रजी राहिली ना, तसेच. त्यामुळे इंग्रजीतले कायद्याचे पुष्कळ शब्द फ्रेंच घरातले आहेत. जुन्या फ्रेंचमध्ये 'बेसिलिए' असे एक क्रियापद होते. त्याचा अर्थ काय असेल? भाचीने तर्क केला, "पैसे लपवणं?" नाही. त्याचा अर्थ होता छळणे, उद्ध्वस्त करणे, नासधूस करणे! पैशाचा त्यात संबंधच नव्हता. या क्रियापदाला पुढे 'एम' लागला, ते पंधराव्या शतकात इंग्रजीत शिरले आणि त्याचा अर्थ 'एखादी वस्तू नाहीशी करणे, गुपचूप लांबवणे' असा झाला. सोळाव्या शतकात आणखी एक गोंधळ झाला. दुर्बळ या अर्थाचा एक लॅटिन शब्द आहे. 'इम्बेसाइल' हा इंग्रजी शब्द त्यावरूनच आला. लोकांना वाटले की आपला शब्दही त्याचाच भाऊ असणार. म्हणून काही काळ लोक 'दुबळे करणे, कमी कमी करत नेणे' या अर्थानेही तो वापरत होते. हे चुकीचे नाते होते, पण मला ते आवडते. रोज पन्नास पैसे म्हणजे दुसरे काय?

मग त्याच शतकाच्या अखेरीस आजचा अर्थ पक्का होत गेला: आपल्याकडे विश्वासाने दिलेला पैसा किंवा माल स्वतःसाठी वापरणे.

पण चोरीचा कायदा असताना या शब्दाची गरज कोर्टाला का पडली? तर मित्रांनो, मी मामाला जो प्रश्न विचारला, त्याच प्रश्नात इंग्लंडचे मोठमोठे न्यायाधीश कित्येक शतके अडकून पडले होते.

१४७३ सालची गोष्ट. एका व्यापाऱ्याने काही गठ्ठे साउदॅम्प्टन बंदरावर पोचवण्यासाठी एका माल वाहणाऱ्या माणसाला दिले. तो गडी साउदॅम्प्टनला गेलाच नाही. गठ्ठे भलतीकडे नेले, फोडले आणि आतला माल लंपास केला. पकडला गेला. पण प्रश्न असा पडला की याला चोर म्हणायचे कसे? माल तर मालकानेच त्याच्या हाती दिला होता. स्वतःच्या ताब्यातली वस्तू कुणी चोरतो का? न्यायाधीशांची बरीच वादावादी झाली. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. मालकाने त्याला बांधलेले गठ्ठे दिले होते, आतला माल दिला नव्हता. त्याने गठ्ठा फोडला त्या क्षणी आतल्या मालाची चोरी झाली!

माझी भाची हुशार आहे. ती लगेच म्हणाली, "म्हणजे न फोडता अख्खा गठ्ठाच पळवला असता तर?"

तर ती चोरी झाली नसती. खरंच! पुढे पुष्कळ वर्षे इंग्लंडचा कायदा असाच होता. थोडे काढाल तर चोर, सगळे न्याल तर नाही.

१५२९ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात कायदा झाला की मालकाने नोकराकडे सांभाळायला दिलेली चाळीस शिलिंग किंवा त्याहून जास्त किमतीची वस्तू नोकराने लांबवली तर तो गंभीर गुन्हा. एक भोक बुजले. पण कायद्याची गोधडी अशी असते की एक भोक बुजवावे तर शेजारचे दिसू लागते. ते दिसले १७९९ साली, लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर.

तिथे एस्डेल आणि हॅमेट यांची बँक होती. जोसेफ बेझली हा तिथला मुख्य रोखपाल, आपण कॅशियर म्हणतो तो. जानेवारी महिन्यात एका किराणा दुकानदाराने आपल्या नोकराबरोबर खात्यात भरायला १३७ पौंड पाठवले. बेझलीने ते घेतले आणि दुकानदाराच्या नावावर १३७ पौंड नीट जमाही केले. पण त्यातली शंभर पौंडांची एक नोट गल्ल्यात न टाकता खिशात टाकली. ती त्याने स्वतःचे देणे भागवायला वापरली. पुढे उघडकीला आले. ओल्ड बेली या प्रसिद्ध कोर्टात खटला चालला.

बेझलीच्या वकिलांचे म्हणणे काय होते माहीत आहे? ती नोट बँकेच्या ताब्यात कधी आलीच नव्हती. दुकानदाराच्या नोकराच्या हातातून ती बेझलीच्या हातात आली आणि तिथून त्याच्या खिशात गेली. बँकेच्या गल्ल्यात एकदा पडली असती आणि मग त्याने उचलली असती, तर ती बँकेची चोरी. पण गल्ल्याला स्पर्श न करता ती वरच्यावर गेली. आणि १५२९ चा कायदाही लागू होत नाही, कारण नोट मालकाने दिली नव्हती, गिऱ्हाइकाने दिली होती. चोरीच नाही तर चोर कसा?

"पण हे तर लबाडीचं बोलणं झालं!" भाची ओरडली.

असेल. पण न्यायाधीशांना ते मान्य करावे लागले. कायद्यात चोरीची जी व्याख्या होती, तिच्यात ही गोष्ट बसत नव्हती. बेझली सुटला. लंडनच्या बँकवाल्यांची झोप उडाली असणार, कारण असे रोखपाल प्रत्येकाच्याच पदरी होते! पार्लमेंटने त्याच वर्षी घाईघाईने नवा कायदा केला. मालकाच्या वतीने आलेले पैसे कारकुनाने किंवा नोकराने मध्येच खाल्ले तर तो गुन्हा. आणि त्या गुन्ह्याला नाव दिले तेच, दोन झेडवाले. तेव्हा लांबलचक शब्द कशाला याचे उत्तर असे आहे. 'चोरी' हा छोटा शब्द या गोष्टीला पुरला नाही.

आपल्याकडे या बाबतीत शब्दांचा तुटवडा नाही. याला काय म्हणावे, अभिमान की लाज, तुम्हीच ठरवा. 'अपहार' हा संस्कृत शब्द. 'हृ' म्हणजे नेणे. याच धातूला निरनिराळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात आणि 'अप' लागला की अपहार. माणसाला पळवले की अपहरण, पैशाला पळवले की अपहार. शब्द सख्खे भाऊ आहेत. 'अफरातफर' मात्र अरबी-फारसीतून आला. तिथे तो मुळात 'अति आणि कमी' अशा दोन शब्दांचा जोड होता. हिंदीत त्याचा अर्थ गोंधळ, पळापळ असा झाला, आपण मराठीत त्याला हिशेबाच्या वहीत आणून बसवले. हिंदीत यासाठी 'गबन' म्हणतात. प्रेमचंदांनी १९३१ साली त्या नावाची कादंबरीच लिहिली. आणि बोलताना आपण सरळ म्हणतो, "पैसे खाल्ले."

कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाचा खजिना रिता होण्याची आठ कारणे दिली आहेत. त्यांतले शेवटचे कारण 'अपहार' हेच आहे. आणि अधिकारी पैसे कसे खातात याचे त्याने चाळीस प्रकार सांगितले आहेत. चाळीस! नंतर आलेले आधी आले असे दाखवणे, एकाकडून आलेले दुसऱ्याकडून आले असे लिहिणे, वगैरे. मोठेपणी ही यादी वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. जास्त जमा झालेले कमी दाखवणे. म्हणजे पाच घेऊन दोन लिहिणे. मला वाटले होते ती वाट मला एकट्यालाच सुचली. ती दोन हजार वर्षे तुडवलेली पायवाट निघाली.

असो. तर ती संक्रांतीची रात्र.

मामा कलमे सांगून थांबला. पेपरची घडी घातली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "किती?"

मी काहीच बोललो नाही.

"किती रुपये रे?"

"तीन," मी म्हणालो. आणि मग रडायला आले. सगळे सांगितले. सायकल, वही, दोनचा आकडा, फाटकाशी उभी असलेली त्याची आई. मला वाटले मामा म्हणेल, तीनच ना, जाऊ दे. तो तसे म्हणाला नाही. रागावलाही नाही. "हिशेब जुळलाय म्हणतोस?" त्याने विचारले. मी मान डोलावली. "म्हणजे आता कुणी कधी शोधणार नाही. उद्या बाईंना तूच सांग. मी बरोबर येणार नाही." दर वेळी निघताना तो माझ्या हातावर दोन रुपये ठेवायचा. त्या वेळी ठेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधी गेलो. शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. मी सांगत होतो आणि त्या वही चाळत होत्या. छडी कपाटावर होती, मी तिच्याकडे पाहत होतो. पण बाईंनी छडी घेतली नाही. वही माझ्यापुढे सरकवली आणि लाल पेन दिले.

"ती ओळ दुरुस्त कर."

मी खोडरबर काढायला लागलो. सवयीने. शाईला तो काय करणार?

"खोडायचं नाही," बाई म्हणाल्या. "हिशेबात खोडत नसतात. एक आडवी रेघ मार. आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी खरा आकडा लिही आणि सही कर."

तेरा वर्षांच्या मुलाची सही ती काय! मी पूर्ण नाव लिहिले. रेघेखाली तो वळणदार दोन स्पष्ट दिसत होता. मग बाईंनी पहिल्याच तासाला वर्गासमोर सांगितले की वहीत चूक झाली होती, त्याने पूर्ण पैसे दिले होते. कुणाची चूक, ते मला उभे राहून सांगायला लावले. त्यापुढचे काही मला नीट आठवत नाही, फक्त खिडकीतून दिसणारे चिंचेचे झाड आठवते.

संध्याकाळी मी तीन रुपये घेऊन त्याच्या घरी गेलो. एका खोलीचे घर. त्याची आई कामावर होती. तो दिव्याची काच पुसत बसला होता. मी पैसे पुढे केले. त्याने घेतले, मोजले आणि देवाच्या फळीवर ठेवले. मला वाटले आता हा मारणार किंवा शिव्या तरी घालणार. त्याने दोन्ही केले नाही. बराच वेळ काच पुसत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, वाटेत पडले माझ्याकडून. गाठ सैल बसली असेल. आईला मी तसंच सांगितलं. ती दोन दिवस बोलत नव्हती माझ्याशी."

त्याने पैसे माझ्यासमोर मोजले होते. दातांनी गाठ सोडवली होती. तरी माझ्या वहीवर आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तो स्वतःच्या डोळ्यांनाच खोटे मानून बसला होता. त्या जुन्या फ्रेंच क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात वाचला, तेव्हा मला ती खोली आठवली. उद्ध्वस्त करणे. तीन रुपये तर परत मिळाले होते.

मी निघालो तेव्हा तो उंबऱ्यापर्यंत आला. "आली का सायकल?" त्याने विचारले.

"आली."

"मला शिकवशील?"

त्या रविवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. एक तासासाठी सायकल घेतली. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, म्हणजे भाडे त्याच्याकडून घेऊन दुकानदाराला द्यावे म्हणून. त्याने खिशातून पन्नास पैसे काढले, माझ्या हाताच्या बाजूने नेले आणि स्वतःच दुकानदाराच्या हातावर ठेवले. मग म्हणाला, "चल, मागून घट्ट धर."